कर्मचाऱ्यांचे मनःस्वास्थ्य आणि रुग्णालयाचा जमाखर्च



अहवालास जोडलेल्या जमाखर्च पत्रकात ‘कर्मचारी कल्याण’ असे एक शीर्ष आपणांस आढळेल. या शीर्षाविषयी देणगीदारांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. गोरगरीब रुग्णांच्या औषधपाण्यासाठी दिलेला पैसा कर्मचाऱ्यांच्या सोयीसवलतींवर का खर्च व्हावा? प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्यांचा हेतूही निर्मळ असतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देऊन भागण्यासारखे नाही, म्हणून यंदा अहवालाची काही पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.

प्रशासन कार्यालयात बसणारे आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. मनोविकारशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे आमच्या कक्षेबाहेरचे आहे. मात्र हजेरीपट, ड्यूटी लिस्ट, रजेचे अर्ज आणि उचलीचे अर्ज हे चार प्रकारचे कागद रोज आमच्याच टेबलावरून पुढे जातात. ते नीट वाचण्याची सवय लागली की कोणाचे काय बिनसले आहे याचा पुष्कळसा अंदाज येतो. कधी न चुकणाऱ्या माणसाचे सोमवारचे खाडे वाढतात, महिन्याच्या दहा तारखेलाच उचलीचा अर्ज येतो, एखादी ज्येष्ठ परिचारिका अमुक वॉर्ड नको म्हणून बदली मागते आणि कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ एवढेच लिहिते. मनाचा ताण आमच्यापर्यंत येतो तो अशा कागदांतून. डॉक्टरांपर्यंत तो फार उशिरा पोहोचतो, आणि कित्येकदा पोहोचतच नाही.

आपले कर्मचारी कोण?

आपल्याकडील परिचारिका, आया, कक्षसेवक, सफाई कामगार, लिपिक आणि वाहनचालक यांतील बहुतेक मंडळी दारव्हा, घाटंजी, आर्णी, कळंब, राळेगाव, बाभुळगाव या तालुक्यांतील खेड्यांतून आलेली आहेत. नोकरी रुग्णालयात असली तरी घर शेतीवर उभे आहे. पती, भाऊ किंवा सासरे कोरडवाहू जमिनीत कापूस, सोयाबीन आणि तूर घेतात, आणि दरमहा मिळणाऱ्या पगारातील मोठा वाटा बियाणे, खते व मजुरी यांत जातो. आभाळावर अवलंबून असलेल्या कुटुंबात ठरावीक तारखेला येणारे उत्पन्न एवढे एकच असते. त्यामुळे त्या एका पगारावर घरातील प्रत्येकाची नजर असते, आणि तो आणणाऱ्या व्यक्तीला आजारी पडण्याचीही मुभा उरत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट अशी की, आपल्या जिल्ह्यात शेतीचे पंचांग आणि रुग्णालयाचे पंचांग एकमेकांवर येऊन आदळते. जूनमध्ये मृग लागला की पेरणीची घाई सुरू होते. त्याच महिन्याच्या अखेरीस शाळा उघडतात आणि वह्या-पुस्तके, गणवेश, फी यांची जुळवाजुळव करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये शेतात निंदण आणि डवरणी चालू असते, तेव्हा इकडे ताप, हगवण आणि सर्पदंशाच्या रुग्णांनी वॉर्ड भरून गेलेले असतात. पुढे फवारणीचे दिवस येतात आणि त्यांच्यासोबत विषबाधेचे रुग्ण. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. मजूर मिळत नाहीत, आणि घरच्या सुनेने चार दिवस तरी रजा काढून यावे असा निरोप येतो. घरी जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते, नेमकी तेव्हाच रुग्णालयालाही असते. एकाच बाईला दोन्हीकडून एकाच वेळी बोलावणे येते आणि कुठेही गेली तरी दुसरीकडे ती अपराधी ठरते. कारखान्यांसाठी आणि संगणक कंपन्यांसाठी लिहिलेल्या ताणव्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे पंचांग कुठेच सापडत नाही.

२०१७ सालाचा येथे उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. त्याचा मुख्य भार येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने वाहिला. शासनाने विशेष तपास पथक नेमले, देशभरातील वर्तमानपत्रांनी दखल घेतली. औषधांची मिश्रणे, फवारणीचे पंप, हातमोजे आणि मुखपट्ट्या यांवर बरेच बोलले गेले. रात्रंदिवस त्या रुग्णांच्या उशाशी उभ्या राहिलेल्या परिचारिका आणि कक्षसेवकांविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

अशा रुग्णाची शुश्रूषा म्हणजे काय, हे रुग्णांच्या आप्तेष्टांना ठाऊक असावे म्हणून थोडे सांगतो. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशक शरीरात गेले की मज्जातंतूंचे संदेश थांबवणारे विकर निकामी होते. घाम व लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो. उतारा म्हणून ॲट्रोपीन देतात. पण ते कमी पडले तर श्वास अडतो, आणि जास्त झाले तर रुग्ण भ्रमिष्ट होऊन खाटेवरून उठून पळू पाहतो. म्हणून नाडी, बाहुल्या आणि छातीचा आवाज थोड्या थोड्या वेळाने पाहावा लागतो. त्यातही विशेष असे की, बरा होत आहे असे वाटणारा रुग्ण पहिल्या एक-दोन दिवसांनंतर अचानक श्वासासाठी धडपडू लागण्याचा संभव असतो. नातेवाईक निर्धास्त होतात तेव्हाच परिचारिकेला अधिक सावध राहावे लागते. आणि ज्या परिचारिकेचा सख्खा भाऊ त्याच आठवड्यात पाठीवर पंप घेऊन शेतात उतरलेला असतो, तिला हे काम परक्याचे म्हणून करता येत नाही. ज्यांनी स्वतःच विष घेतलेले असते त्यांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. त्या घरचे कर्ज किती, पीक कसे बुडाले, हे सारे बाहेर बाकावर बसलेल्या बायकोच्या तोंडून तिने ऐकलेले असते, आणि यांतला बराचसा मजकूर तिच्या स्वतःच्या घरातलाही असतो.

हा ताण वर्षानुवर्षे साचत गेला की जे होते त्यास ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याचा समावेश केला. रोग म्हणून त्याची नोंद नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचा तो परिणाम होय, असे तिथे म्हटले आहे. तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यांतील दुसरे लक्षण रुग्णांच्या आप्तेष्टांना सर्वांत आधी जाणवते. सिस्टर रुग्णाला नावाने हाक मारायची सोडून ‘सात नंबर’ म्हणू लागते. विचारलेल्या प्रश्नाला वर न पाहता उत्तर देते. तक्रारपेटीत चिठ्ठी पडते, ‘सिस्टर उर्मट आहेत’. ती चिठ्ठी खोटी नसते. परंतु माणूस उर्मट आहे की थकून कोरडा पडला आहे, हे पाहिल्याशिवाय कारवाई केली तर एक मेमो वाढतो आणि एक चांगली परिचारिका कमी होते.

ड्यूटी लिस्ट, उचल आणि रजा

तणावमुक्तीचे शिबिर भरवावे, असे अनेक हितचिंतक सुचवतात. योग, प्राणायाम, प्रेरणादायी व्याख्यान यांस आमचा विरोध नाही. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने १९९० पासून मराठी समाजात मनाच्या आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची सवय लावली, आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसाला समजेल अशा भाषेत आणली. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली धारणा आपणांस अधिक छळते, हा त्यातील विचार मोलाचा आहे. तथापि पगार दहा दिवस उशिरा झाला तर विवेकनिष्ठ विचाराने किराणा दुकानदार थांबत नाही. आणि रात्रपाळी करून उतरलेल्या सिस्टरला सकाळच्या शिबिरासाठी थांबवून घेणे, हा तणावमुक्तीचा प्रकार आम्हांस काही उमगत नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात आणि त्यामुळे होणारे नुकसान सुमारे एक लाख कोटी डॉलरचे आहे, असा अंदाज त्या वेळी मांडण्यात आला. हे आकडे एवढे मोठे आहेत की, खरे सांगायचे तर, आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयाच्या हिशेबात ते बसत नाहीत. त्या तत्त्वांतील एक गोष्ट मात्र आम्हांस पटली. केवळ कर्मचाऱ्याला ताण सहन करायला शिकवून न थांबता, ज्या व्यवस्थेतून ताण उपजतो ती व्यवस्थाही बदलावी आणि वरिष्ठांना प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत सांगितले आहे. आपल्याकडे व्यवस्थेचे पहिले नाव ड्यूटी लिस्ट.

ड्यूटी लिस्ट हा दिसायला एका पानाचा तक्ता असतो. प्रत्यक्षात त्यावर झोप, मुलांची शाळा, एसटीची वेळ आणि सासूची मर्जी हे सारे अवलंबून असते. पाळ्या फिरवायच्याच असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवल्यास शरीर त्या तुलनेने सहज स्वीकारते. उलट क्रम अधिक त्रासाचा ठरतो. सलग रात्रपाळ्या मोजक्याच असाव्यात, आणि रात्रपाळी संपल्यावर मिळणारी सुटी कागदावर न राहता खरोखर मिळावी. आपल्याकडे यादी महिनाभर आधी लावली जाते आणि लावल्यानंतर तिच्यात बदल करायचा झाल्यास संबंधित कर्मचाऱ्याला विचारूनच करावा, असा दंडक आहे. दुपारपाळी संपण्याची वेळ गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या बसशी ताडून पाहिली जाते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु बस चुकलेल्या बाईला रात्री स्थानकावर थांबावे लागणे आणि त्यानंतर घरी द्यावी लागणारी उत्तरे, यांचा ताण कुठल्याही व्याख्यानाने हलका होत नाही. निवासी डॉक्टरांचे हाल तर सर्वश्रुत आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक असू नये अशी शिफारस केली; मर्यादा म्हणून एवढा मोठा आकडा सुचवावा लागतो, यातच सारे आले.

दुसरे नाव उचल. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण ते आमच्या विषयाचे आहे. गरजेच्या वेळी २०,००० रुपये दरमहा शेकडा ५ व्याजाने हातउसने घेतले तर महिन्याला १,००० रुपये व्याज होते. वर्षभरात १२,००० रुपये भरूनही मूळ २०,००० जसेच्या तसे उभे असतात. हेच २०,००० रुपये पगारदार कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून वार्षिक १२ टक्के दराने, घटत्या शिलकीवर, १२ हप्त्यांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे १,७७७ रुपये पडतो, वर्षअखेर कर्ज शून्य होते आणि व्याजापोटी जेमतेम १,३२५ रुपये गेलेले असतात. या दोन आकड्यांमध्ये जो फरक आहे तोच पुष्कळदा झोपेच्या गोळीचे कारण असतो. विनापरवाना सावकारी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने गुन्हा ठरली आहे, पण ज्याला रात्री नऊ वाजता पैसे लागतात तो परवाना तपासत बसत नाही. म्हणून उचलीचा अर्ज लवकरात लवकर निकाली काढणे, मृगापूर्वी बिनव्याजी हंगामी उचल देऊन ती दिवाळीनंतरच्या पगारांतून कापणे, आणि पगार ठरलेल्या तारखेस न चुकता जमा करणे, या तीन गोष्टी आम्ही मनःस्वास्थ्याच्या सेवेत मोडतो. मानसोपचारतज्ज्ञांना हे वर्गीकरण कदाचित मान्य होणार नाही. उचलीचा अर्ज घेऊन समोर उभ्या राहणाऱ्यांना ते पटलेले आहे.

रजेविषयीही असेच. नियमात रजा असणे आणि ती घेता येणे, यांत अंतर असते. वेचणीच्या दिवसांत अर्ध्या वॉर्डाला एकाच वेळी रजा हवी असते व ती सर्वांना देता येत नाही. मग वशिल्याची भाषा सुरू होते आणि ज्याला मिळाली नाही त्याच्या मनात अढी बसते. यावर उपाय म्हणून पोळ्यापूर्वीच मेट्रन सर्वांना एकत्र बसवून दिवाळीपर्यंतच्या रजांचे वाटप फळ्यावर मांडतात. कोणाला किती व कधी, हे सर्वांसमोर असल्यामुळे रुसवेफुगवे उरले तरी संशय उरत नाही. लहान मुलांच्या मातांसाठी असलेले पाळणाघर आणि मातृत्व रजा (२०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली) हे कायद्याने बंधनकारक आहे, त्याचे श्रेय घेण्याचे कारण नाही.

बिलिंगच्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो धर्मादाय रुग्णालयांतच उद्भवतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. योजना उत्तम आहे. परंतु खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाजवळ तहसीलदारांचा दाखला नाही, शिधापत्रिका गावी राहिली आहे, आणि मूल आत ऑक्सिजनवर आहे, अशा वेळी ‘कागद आणा’ म्हणणारा चेहरा त्या लिपिकाचा असतो. नियम न्यायालयाचा, निधी विश्वस्तांचा, पण शिव्या त्याच्या वाट्याला. प्रसंगी हातही उगारला जातो. वैद्यकीय संस्थांतील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, पण कायदा मार खाल्ल्यानंतर मदतीला येतो. म्हणून त्या खिडकीवर एका व्यक्तीने दोन तासांहून अधिक सलग बसू नये आणि ‘नाही’ म्हणण्याचा अंतिम अधिकार व जबाबदारी वैद्यकीय समाजसेवकाकडे असावी, अशी व्यवस्था आहे. रुग्णांच्या आप्तेष्टांना एवढीच विनंती की, खिडकीत वाद घालण्याऐवजी सरळ समाजसेवकांच्या खोलीत यावे. तेथे बसायला खुर्ची आहे आणि ऐकून घ्यायला वेळही.

बोलावे कोणाशी?

मदत उपलब्ध करून दिली म्हणजे लोक ती घेतील, असे होत नाही. या बाबतीत शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील अनुभव बोलका आहे. विदर्भातील शेतकरी कुटुंबांच्या मनःस्वास्थ्यासाठी ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प राबवण्यात आला होता. त्यात तज्ज्ञांची फौज न पाठवता गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत लोकांशी बोलणे, प्राथमिक समुपदेशन करणे आणि गरज असेल त्यालाच पुढे डॉक्टरांकडे पाठवणे, अशी रचना होती. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांच्या पाहणीत, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राज्य शासनानेही २०१५ पासून यवतमाळसह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला आणि शेतकरी कुटुंबांपर्यंत पोहोचण्यासाठी आशा कार्यकर्तींचे साहाय्य घेतले. माणूस आधी ओळखीच्या माणसाशी बोलतो, हा त्यातील साधा धडा.

तोच रुग्णालयात लागू करण्याचा आमचा प्रयत्न आहे. प्रत्येक विभागातून सहकाऱ्यांच्या विश्वासातील एक व्यक्ती निवडून तिला ऐकून घेण्याचे प्राथमिक प्रशिक्षण दिले जाते. काही विभागांत ती ज्येष्ठ सिस्टर आहे, एका विभागात लिफ्ट चालवणारे काका आहेत. उपदेश न करणे, चहाच्या टपरीवर विषय न नेणे, आणि झोप उडाली, जेवण सुटले, जगण्यात अर्थ वाटेना अशी भाषा कानावर आली तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यायची व्यवस्था करणे, एवढेच त्यांचे काम. विषबाधेचा किंवा बालकाचा मृत्यू झालेल्या पाळीनंतर प्रभारी सिस्टर पाळीतील सर्वांना दहा मिनिटे एकत्र बसवतात. बोलायचे त्याने बोलावे, न बोलणाऱ्यास आग्रह नाही. त्या वेळी चुका शोधायच्या नाहीत. ते काम वेगळ्या बैठकीचे.

गोपनीयतेचा प्रश्न आम्हांस सर्वांत अवघड गेला. आपल्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे म्हटले तर केसपेपर काढणारा सहकारी, औषध देणारा सहकारी, आणि बाहेर बाकावर बसलेले अर्धे ओळखीचे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) प्रत्येकास उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क देतो, पण गावातल्या कुजबुजीवर कलम लागू होत नाही. म्हणून तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांकडे व्हावी आणि त्यांचे बिल नावाऐवजी केवळ क्रमांकाने आमच्याकडे यावे, असे ठरले. आता नाव नसलेल्या बिलाचे पैसे द्यायचे कसे? लेखापरीक्षकांनी हरकत घेतली आणि ती योग्यच होती. व्हाउचरवर नाव नसेल तर उद्या कोणीही काहीही बिल लावील. शेवटी नाव आणि क्रमांक यांची सांगड घालणारी नोंदवही मोहोरबंद करून एका विश्वस्तांकडे ठेवण्याचे ठरले. ती केवळ लेखापरीक्षक पाहू शकतात. कार्यालयातील आम्हां कोणासही ती उघडता येत नाही, आणि बढती वा बदलीच्या वेळी तिचा संबंध येत नाही. एवढी खात्री पटल्यावरच पहिला क्रमांक वापरला गेला.

विम्याविषयी एक व्यावहारिक मुद्दा. वरील अधिनियमाने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देणे बंधनकारक केले, आणि विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे निर्देश काढले. ऐकायला हे समाधानकारक आहे. परंतु सामूहिक आरोग्य विमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतो, आणि नैराश्य किंवा चिंताविकाराच्या बहुतेक रुग्णांना दाखल व्हावेच लागत नाही. त्यांना लागतात नियमित गोळ्या, तपासणी आणि समुपदेशनाच्या बैठका. विमापत्र खिशात असून खर्च मात्र खिशातूनच, अशी गत होते. ही मधली फट कर्मचारी कल्याण निधीतून भरून काढली जाते. व्यसनमुक्तीचेही तसेच. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे आणि उपचारानंतरचा पाठपुरावा किती दीर्घ असावा लागतो हे त्यांच्या कामावरून शिकण्यासारखे आहे. उपचारासाठी गेलेल्या कर्मचाऱ्याची जागा राखून ठेवणे आणि परतल्यावर त्याला पहिले काही महिने रात्रपाळी न देणे, हा आमच्या वाट्याचा पाठपुरावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निर्धन रुग्ण निधीतील एकही रुपया या कामासाठी वापरला जात नाही, वापरताही येत नाही. त्याचा हिशेब स्वतंत्र असून धर्मादाय आयुक्त कार्यालयास सादर होतो. कर्मचारी कल्याणाचा खर्च सर्वसाधारण निधीतून आणि त्यासाठीच दिलेल्या देणग्यांतून होतो. खाटेवर, यंत्रावर किंवा भिंतीवर देणगीदाराचे नाव लावता येते, ते पाहून नातवंडांना आनंद होतो, आणि त्यात गैर काही नाही. हंगामी उचलीच्या निधीवर पाटी लावायला जागा नाही. परंतु अनुभवी परिचारिका नोकरी सोडून नागपूरला गेली तर तिच्या जागी आलेली मुलगी अतिदक्षता विभागात स्वतंत्रपणे उभी राहीपर्यंत महिने जातात, आणि त्या महिन्यांत त्या खाटांवर आपलेच कोणीतरी असते. ॲट्रोपीनची मात्रा पाहणारा डोळा झोपेने जड झालेला नसणे, याची किंमत रुग्णाच्या खात्यात मांडावी की कर्मचाऱ्याच्या, हे ठरवणे आमच्या लेखाशास्त्राला जमलेले नाही. तूर्त ती रक्कम ‘कर्मचारी कल्याण’ या शीर्षाखाली दाखवली आहे.

येत्या वर्षी दोन कामे विचाराधीन आहेत. रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी अतिदक्षता विभागाशेजारी एक विश्रांती कक्ष हवा आहे. जागा निश्चित झाली असून, पलंग, पंखे आणि आतून कडी असलेला दरवाजा एवढीच त्याची गरज आहे. दुसरे, हंगामी उचलीचा फिरता निधी वाढवायचा आहे, जेणेकरून मृगापूर्वी येणारा कोणताही पात्र अर्ज पैशांअभावी परत करावा लागू नये. या कामांसाठी देणगी द्यावयाची असल्यास धनादेशासोबत तसा उल्लेख अवश्य करावा, म्हणजे रक्कम त्याच निधीत जमा होईल आणि पुढील अहवालात तिचा विनियोग स्वतंत्रपणे दाखवता येईल.

रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी जाता जाता एक माहिती. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही बोलता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. हा क्रमांक प्रत्येक वॉर्डाच्या फळ्यावर आणि प्रसाधनगृहाच्या दाराच्या आतील बाजूस लावला आहे. दाराच्या आत तो लावावा ही सूचना एका आयाबाईंची. चारचौघांत फळ्यासमोर उभे राहून तो लिहून घेणे कोणालाही अवघड जाते, असे त्यांचे म्हणणे पडले.